युरोमिलियन्स कसे खेळावे: तिकीट घेण्यापासून बक्षिसाचा दावा करण्यापर्यंत

युरोमिलियन्स ही युरोपातील नऊ देशांच्या अधिकृत लॉटरी संस्थांनी मिळून चालवलेली सामाईक लॉटरी आहे. फ्रान्स, स्पेन आणि ब्रिटन यांनी ती फेब्रुवारी २००४ मध्ये सुरू केली, १३ फेब्रुवारीला पॅरिसमध्ये तिची पहिली सोडत निघाली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रिया, बेल्जियम, आयर्लंड, लक्झेंबर्ग, पोर्तुगाल व स्वित्झर्लंड हे सहा देश तीत सामील झाले. तिकिटे प्रत्येक देशात तिथलीच संस्था विकते, बक्षीसही तीच देते, आणि किंमत, कर, दाव्याची मुदत या बाबी देशागणिक बदलतात. जॅकपॉट, म्हणजे सर्वांत मोठे बक्षीस, आणि सोडत मात्र सगळ्यांची एकच असते.

आकडे कसे निवडावेत याविषयीचे लिखाण सर्वत्र मुबलक मिळते आणि त्यातले बहुतेक निरुपयोगी असते. कोणते चेंडू वर येतील यावर खेळणाऱ्याचा काडीइतकाही ताबा नसतो. तिकीट कुठून घ्यायचे, ते हातात पडल्यावर काय तपासायचे, कसे जपायचे, किती दिवसांत दाखवायचे आणि बक्षीस किती जणांत वाटले जाण्याची शक्यता आहे, एवढ्याच गोष्टी त्याच्या हातात असतात. म्हणून या लेखाचा बहुतेक भाग त्यांनाच दिलेला आहे.

आधी पात्रता पाहावी

हा लेख वरील देशांत नोकरी-व्यवसायानिमित्त राहणाऱ्या आणि तिथल्याच कमाईतून खेळणाऱ्या वाचकांसाठी आहे. भारतात राहून परदेशी लॉटरी खेळता येत नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट करणे भाग आहे. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली २००० साली झालेल्या चालू खात्यावरील व्यवहारांच्या नियमांत, पहिल्या अनुसूचीत, लॉटरीची तिकिटे घेण्यासाठी परकीय चलन पाठवणे सरळसरळ निषिद्ध व्यवहारांत घातलेले आहे. पुण्यात बसून क्रेडिट कार्डाने तिकीट घेणे या निषेधात येतेच. पण सहलीसाठी म्हणून बँकेकडून घेतलेले फॉरेक्स कार्ड पॅरिसच्या दुकानात लॉटरीसाठी वापरणेही त्या नियमांच्या विरुद्ध जाते. दुकानदार अडवणार नाही, कारण पर्यटकाने तिकीट घ्यायला तिथे सहसा आडकाठी नसते. परंतु बक्षीस मोठे लागले तर पैसे मायदेशी आणताना हा प्रश्न उभा राहील. पर्यटकांनी या वाटेला न जाणे बरे.

ब्रिटन, आयर्लंड, फ्रान्स, स्पेन आणि पोर्तुगालमध्ये खेळणाऱ्याचे वय १८ वर्षे पूर्ण असावे लागते. ब्रिटनमध्ये ही अट २०२१ पासून आली, त्याआधी तिथे १६ वर्षांची मर्यादा होती.

जर्मनीत राहणाऱ्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते: जर्मनी युरोमिलियन्समध्ये नाही. तिथे मिळते ती युरोजॅकपॉट, जी २०१२ मध्ये सुरू झाली, जिची सोडत हेलसिंकीत निघते आणि जिचा जॅकपॉट १२ कोटी युरोंवर थांबतो. दोन्हींचे आकडे निवडण्याचे गणित आज सारखेच असल्याने आणि दोन्हींची सोडत मंगळवारी व शुक्रवारीच असल्याने गोंधळ होतो. म्युनिकच्या तिकिटावरचे आकडे युरोमिलियन्सच्या निकालाशी ताडून आनंदी किंवा दुःखी होण्यात अर्थ नाही.

स्लिप भरणे

महाराष्ट्र राज्य लॉटरीच्या तिकिटाची सवय असलेल्याला इथला पहिला फरक लगेच जाणवतो. आपल्याकडे तिकिटावर मालिका आणि क्रमांक आधीच छापलेला असतो आणि आपण त्यातून तिकीट उचलतो. इथे कोऱ्या स्लिपवर आकडे आपण निवडायचे असतात. १ ते ५० मधले पाच मुख्य आकडे आणि १ ते १२ मधले दोन 'लकी स्टार' मिळून एक ओळ होते. स्टारचे आकडे आधी ९ पर्यंत होते, २०११ मध्ये ११ पर्यंत आणि सप्टेंबर २०१६ मध्ये १२ पर्यंत वाढवले गेले, त्यामुळे जुन्या लेखांतली शक्यतांची कोष्टके आज लागू पडत नाहीत. मुख्य आकडे कोणत्या क्रमाने आले याला महत्त्व नसते. मुख्य आकड्यांत ७ निवडला आणि स्टारमध्येही ७ निवडला तरी चालते, कारण दोन्हींचे चेंडू वेगवेगळ्या यंत्रांत असतात.

एका ओळीची किंमत युरो वापरणाऱ्या बहुतेक देशांत २.५० युरो, ब्रिटनमध्ये २.५० पौंड आणि स्वित्झर्लंडमध्ये ३.५० फ्रँक आहे. तिकिटे ब्रिटनमध्ये सुपरमार्केट, पेट्रोल पंप आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानांत मिळतात, फ्रान्समध्ये लॉटरीची पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानांत, तर स्पेनमध्ये लॉटरीच्या खास दुकानांत. स्लिपवर ओळी भरून झाल्या की मंगळवार, शुक्रवार की दोन्ही, आणि किती आठवडे, याच्या खुणा करायच्या. ही शेवटची खूण नजरेतून सुटते आणि एकाच सोडतीचे तिकीट घ्यायला गेलेला माणूस चार आठवड्यांचे पैसे देऊन बाहेर येतो.

स्लिप हा केवळ भरलेला अर्ज असतो. दुकानातल्या यंत्रातून छापून येणारा कागद हे खरे तिकीट. म्हणून काउंटरवरून हलण्याआधी त्या कागदाकडे नीट पाहावे: सोडतीची तारीख हवी तीच आहे का, खेळाचे नाव युरोमिलियन्सच आहे का, प्रत्येक ओळीत पाच अधिक दोन असे आपलेच आकडे आले आहेत का, आणि घेतलेले पैसे ओळींच्या संख्येशी जुळतात का. स्लिपवरची पुसट खूण यंत्राने वेगळी वाचली तर ग्राह्य धरले जाते ते छापलेलेच. चूक दिसली तर त्याच क्षणी दुकानदाराला सांगावे, कारण रद्द करण्याची सोय असली तरी ती थोडाच वेळ असते. सोडतीच्या दिवशी विक्री बंद होण्याची वेळही देशानुसार वेगळी आहे. ब्रिटनमध्ये ती संध्याकाळी साडेसातची आहे.

बऱ्याच देशांत तिकिटावर आकड्यांच्या खाली अक्षरे-अंकांचा एक वेगळा सांकेतिक क्रमांक छापलेला असतो. तो त्या देशापुरत्या वेगळ्या सोडतीसाठी असतो आणि त्याची किंमत तिकिटातच धरलेली असते. ब्रिटनमध्ये तिला 'मिलियनेअर मेकर' म्हणतात आणि तीत प्रत्येक वेळी किमान एकाला दहा लाख पौंड मिळतात. फ्रान्समध्ये 'माय मिलियन' आणि स्पेनमध्ये 'एल मियोन' या नावांनी अशाच सोडती निघतात. मुख्य आकडे लागले नाहीत म्हणून तिकीट फाडून टाकणाऱ्यांनी हा क्रमांक पाहिलेलाच नसतो.

आकडे कोणते घ्यावेत

पाच आकड्यांची निवड २१,१८,७६० प्रकारे होऊ शकते, दोन स्टारची ६६ प्रकारे. दोहोंचा गुणाकार १३,९८,३८,१६० येतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ११ कोटी २४ लाख होती. त्याहून पावणेतीन कोटी अधिक माणसांच्या राज्यातून डोळे मिटून नेमकी एक व्यक्ती निवडावी, इतकी पाचही आकडे आणि दोन्ही स्टार जुळून जॅकपॉट लागण्याची शक्यता आहे. दर सोडतीला एक ओळ, म्हणजे वर्षाला साधारण १०४ ओळी खेळल्या, तरी सरासरीने एका जॅकपॉटला तेरा लाखांहून जास्त वर्षे लागतील. गेल्या वर्षभरात वारंवार आलेले 'गरम' आकडे आणि बराच काळ न आलेले 'थंड' आकडे यांनी या शक्यतेत तिळमात्र फरक पडत नाही, कारण चेंडूंना मागची सोडत आठवत नाही.

फरक पडतो तो वाटणीत. युरोमिलियन्सची बक्षिसे ठरावीक रकमेची नसतात. विक्रीच्या सुमारे निम्म्या रकमेचा बक्षीसनिधी होतो, तो तेरा श्रेणींत विभागला जातो आणि प्रत्येक श्रेणीतली रक्कम तिथल्या विजेत्यांत समान वाटली जाते. आता लोक आकडे कसे निवडतात ते पाहावे. घरच्यांच्या जन्मतारखा घेतल्या जातात, म्हणजे ३१ च्या आतले आकडे. ७ सारखे शुभ मानलेले आकडे येतात. स्लिपवर सरळ किंवा तिरकी सुंदर रेघ उमटेल अशा खुणा होतात. ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीत १४ जानेवारी १९९५ रोजी ७, १७, २३, ३२, ३८ आणि ४२ हे आकडे आले आणि सुमारे १ कोटी ६० लाख पौंडांचा जॅकपॉट तब्बल १३३ जणांत वाटला गेला. प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा लाखही आले नाहीत. त्या काळच्या स्लिपवर हे आकडे मधल्या उभ्या रांगांत पडत होते, आणि माणसाचा हात मोकळ्या कागदावर मध्येच खुणा करतो.

यावरून निघणारा सल्ला साधा आहे. आकडे यंत्राकडून काढून घ्यावेत, ज्याला ब्रिटनमध्ये 'लकी डिप' आणि आयर्लंडमध्ये 'क्विक पिक' म्हणतात. किंवा स्वतः निवडायचे असतील तर ३१ च्या वरचे दोन-तीन घ्यावेत आणि स्लिपवर कोणतीही आकृती होऊ देऊ नये. याने जिंकण्याची शक्यता वाढत नाही. जिंकलेच तर भागीदार कमी असण्याची शक्यता मात्र थोडी वाढते. आईचा वाढदिवस आणि लग्नाची तारीख घालून खेळण्यात ज्यांना समाधान आहे त्यांनी जरूर तसे खेळावे, त्याची किंमत ठाऊक असली म्हणजे झाले.

स्पेन, पोर्तुगाल, फ्रान्स अशा देशांत एका खेळीत पाचाहून जास्त आकडे निवडण्याची सोय असते. तिची रक्कम किती भराभर वाढते ते पाहिल्याशिवाय तिला हात लावू नये. सहा आकडे व दोन स्टार म्हणजे ६ ओळी, १५ युरो. सात आकडे म्हणजे २१ ओळी, ५२.५० युरो; आणि दहा आकडे म्हणजे २५२ ओळी, ६३० युरो. तेवढ्याच सुट्या ओळी घेतल्या असत्या तर जॅकपॉटची शक्यता तंतोतंत तितकीच राहिली असती. आयर्लंडमध्ये एक युरो अधिक देऊन 'प्लस' नावाची जोडसोडत मिळते, तिचाही विचार स्वतंत्र खर्च म्हणूनच करावा.

ऑनलाइन आणि गटाने

ऑनलाइन खेळायचे तर त्या देशाच्या अधिकृत संस्थेच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवरच खाते उघडावे. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय लॉटरीचा परवाना फेब्रुवारी २०२४ पासून ऑलविन या कंपनीकडे आहे. त्याआधी १९९४ पासून तो कॅमेलॉटकडे होता. ऑनलाइन खात्यासाठी तिथला पत्ता आणि तिथले बँक खाते लागते, आणि तिकीट घेताना प्रत्यक्ष त्या देशात असावे लागते. दिवाळीला घरी आलेल्याने मुंबईतून ॲप उघडून खेळायचा प्रयत्न करू नये. ऑनलाइनचा मोठा फायदा असा की तिकीट हरवत नाही आणि बक्षीस लागल्याची सूचना संस्थाच पाठवते.

अधिकृत संस्थांखेरीज इतर कंपन्याही 'युरोमिलियन्स खेळा' असे सांगत असतात. त्यांतल्या काही खरे तिकीट विकतच नाहीत. सोडतीच्या निकालावर पैज लावून घेतात. ब्रिटनने २०१८ मध्ये आपल्याकडे अशा पैजांवर बंदी घातली. संस्थेचे नाव संबंधित देशाच्या अधिकृत यादीत नसेल तर पुढचा विचारच करू नये.

ऑफिसातल्या सहकाऱ्यांनी पैसे गोळा करून एकत्र खेळणे सर्वत्र चालते आणि त्यातून होणारी भांडणेही. एका कागदावर सभासदांची नावे, प्रत्येकाचा वाटा, तिकीट कोण घेणार, कोणाचे पैसे एखाद्या आठवड्यात आले नाहीत तर काय, हे लिहून सोडतीच्या आधी सह्या कराव्यात. ब्रिटनमध्ये याला करविषयक कारणही आहे. असा लेखी करार नसेल, तिकीट एकाच्या नावावर असेल आणि त्याने नंतर इतरांना पैसे दिले, तर ती भेट समजली जाऊ शकते, आणि देणारा सात वर्षांच्या आत वारल्यास त्या भेटींवर वारसा कर लागण्याची शक्यता राहते.

सोडत, निकाल आणि जॅकपॉटची मर्यादा

सोडत पॅरिसमध्ये रात्री नऊ-दहाच्या सुमारास निघते. मुख्य आकड्यांच्या यंत्राला 'स्ट्रेसा' आणि स्टारच्या यंत्राला 'पाकरेत' अशी नावे आहेत. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते, त्यामुळे मंगळवारचा निकाल घरच्यांना बुधवारी दिसतो आणि तारखेवरून फोनवर वाद होतात. तिकिटावर छापलेली तारीख तीच खरी.

सर्वांत खालची श्रेणी दोन मुख्य आकड्यांची असून तिची शक्यता २२ मध्ये एक आहे आणि तीत साधारण चार युरो मिळतात. तेरांपैकी कोणतेही बक्षीस लागण्याची शक्यता १३ मध्ये एक आहे. तीन आकडे स्टारविना ३१४ मध्ये एकदा, चार आकडे व एक स्टार ३१ हजारांत एकदा, पाच आकडे व एक स्टार सुमारे ७० लाखांत एकदा. केवळ एक आकडा किंवा दोन्ही स्टार जुळून काहीच मिळत नाही. पण एक आकडा आणि दोन्ही स्टार जुळले तर बक्षीस आहे, आणि हे अनेकांना माहीत नसते.

जॅकपॉट किमान १ कोटी ७० लाख युरोंपासून सुरू होतो आणि कोणाला लागला नाही की पुढच्या सोडतीत वाढत जातो. त्याला कमाल मर्यादा आहे. ती टप्प्याटप्प्याने वाढत २५ कोटी युरोंवर आली आणि १७ जून २०२५ रोजी आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात घेतलेल्या तिकिटाला ती पूर्ण रक्कम लागली. मर्यादेवर पोचलेला जॅकपॉट पाच सोडतींत कोणालाही लागला नाही तर पाचव्या सोडतीत तो विजेते असलेल्या खालच्या श्रेणीला वाटला जातो. तेव्हाचे नियम थोडे वेगळे होते, पण नोव्हेंबर २००६ मध्ये असेच घडून १८ कोटी ३० लाख युरो २० जणांत गेले होते, त्या श्रेणीची स्वतःची रक्कम धरून प्रत्येकी साधारण ९६ लाख.

मर्यादेवरच्या जॅकपॉटला तिकीट 'फायद्याचे' होते का, असा प्रश्न हिशेबी वाचकांच्या मनात येतो. २५ कोटींना १३.९८ कोटींनी भागले तर एका ओळीमागे १.७९ युरो येतात, खालच्या श्रेणींचे साधारण अर्धा युरो धरले तरी बेरीज २.५० च्या खालीच राहते. त्यात अशा सोडतीला विक्री वाढलेली असते, म्हणजे वाटेकरी निघण्याचा धोकाही वाढलेला असतो. तेव्हा महिन्याच्या करमणुकीच्या खर्चातून जेवढे सहज जातील तेवढेच पैसे यात घालावेत, आणि गेलेले वसूल करण्यासाठी पुढच्या वेळी ओळी वाढवू नयेत.

तिकीट जपणे आणि दावा करणे

कागदी तिकीट ज्याच्या हाती त्याचे, असा सर्वसाधारण व्यवहार असतो. म्हणून घेतल्याबरोबर मागच्या बाजूला नाव, पत्ता आणि सही करावी, दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवावा, आणि तो फोटो कुठेही प्रसिद्ध करू नये. निकाल आधी स्वतः किंवा दुकानातल्या स्वयंचलित यंत्रावर तपासावा, मगच तिकीट कोणाच्या हाती द्यावे.

बक्षीस ज्या देशात तिकीट घेतले त्याच देशात मागावे लागते. मार्सेयमध्ये घेतलेले तिकीट बार्सिलोनात चालत नाही. मुदत ब्रिटनमध्ये १८० दिवस, आयर्लंड व पोर्तुगालमध्ये ९० दिवस, स्पेनमध्ये तीन महिने, फ्रान्समध्ये अवघे ६० दिवस. मुदत टळली की सबब चालत नाही. ८ जून २०१२ च्या सोडतीत ब्रिटनमधल्या स्टीव्हनेज-हिचिन भागात विकलेल्या एका तिकिटाला ६ कोटी ३८ लाख पौंड लागले होते. संस्थेने जाहिराती केल्या, परिसरात शोध घेतला, पण कोणी आले नाही आणि डिसेंबरमध्ये मुदत संपल्यावर ते पैसे लोकोपयोगी कामांच्या निधीत जमा झाले.

छोटी बक्षिसे दुकानातच मिळतात. स्पेनमध्ये २,००० युरोंपासून वरच्या रकमेसाठी ठरलेल्या बँकेत जावे लागते. मोठ्या रकमेसाठी संस्थेच्या अधिकृत क्रमांकावर फोन करून भेटीची वेळ घ्यावी, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि मूळ तिकीट न्यावे. जॅकपॉट अमेरिकन लॉटऱ्यांसारखा हप्त्यांत मिळत नाही, जाहीर केलेली रक्कम एकदम मिळते. नाव प्रसिद्ध करायचे की नाही हे ब्रिटन व आयर्लंडमध्ये विजेत्याने ठरवायचे असते. जुलै २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये १९ कोटी ५७ लाख पौंड जिंकणारा आजही अज्ञात आहे.

ब्रिटन, आयर्लंड, फ्रान्स, बेल्जियम, ऑस्ट्रिया आणि लक्झेंबर्गमध्ये बक्षिसावर कर नाही. पोर्तुगालमध्ये ५,००० युरोंवरच्या आणि स्पेनमध्ये ४०,००० युरोंवरच्या भागावर २० टक्के कापले जातात. स्वित्झर्लंडमध्ये दहा लाख फ्रँकांहून थोड्या अधिक रकमेपर्यंत सूट आहे. भारतीय आयकराच्या दृष्टीने जो त्या वर्षी भारताचा निवासी ठरतो त्याला परदेशातल्या लॉटरीच्या उत्पन्नावरही ३० टक्के आणि त्यावर अधिभार व उपकर लागतो. अनिवासी असलेल्याने जिंकलेल्या पैशातून भारतातल्या आई-वडिलांना किंवा भावंडांना भेट पाठवली तर ती त्यांच्या हाती करमुक्त असते. बँकेला दाखवण्यासाठी भेटपत्र आणि बक्षिसाचा दाखला जवळ ठेवावा.

आता भारतातल्या नातेवाइकांसाठी. 'युरोमिलियन्समध्ये तुमचा मोबाइल क्रमांक निवडला गेला आहे' असा मेल किंवा व्हॉट्सॲप संदेश आला तर तो केबीसी लॉटरीच्या नावाने फिरणाऱ्या संदेशांच्याच जातीचा असतो. युरोमिलियन्समध्ये मोबाइल क्रमांक किंवा ईमेल पत्ते निवडले जात नाहीत, तिकीट न घेतलेल्याला बक्षीस लागत नाही, आणि बक्षीस देण्याआधी कोणतीही अधिकृत संस्था प्रक्रिया शुल्क, सीमा शुल्क किंवा कर आगाऊ भरायला सांगत नाही. अशा ठिकाणी पैसे भरले गेले असतील तर लाजून गप्प न बसता त्याच दिवशी १९३० या सायबर गुन्हे मदतक्रमांकावर फोन करावा आणि बँकेला कळवावे; पैसे दुसऱ्या खात्यांत वळवले जाण्याआधी तक्रार गेली तरच ते गोठवले जाण्याची शक्यता असते.